असरनंतर नमाज पढता येते का? मकरूह (नापसंत) वेळा आणि त्यांची कारणं

तुमचा प्रश्न असा: असरची (तिसऱ्या प्रहराच्या नमाजेची) जमात, म्हणजे सामूहिक नमाज, झाल्यावर शेजारच्या माणसाने आणखी दोन रकात (नमाजेची आवर्तनं) पढल्या, तुम्हाला तर असरनंतर नमाज नाही असं शिकवलंय. चुकलं कोण?

बहुधा कुणीच नाही. फज्रची (पहाटेच्या नमाजेची) फर्ज, म्हणजे बंधनकारक नमाज, झाल्यापासून सूर्योदयापर्यंत आणि असरची फर्ज झाल्यापासून सूर्य पिवळा पडेपर्यंत हनफी मजहबात (सुन्नी धर्मशास्त्राच्या एका शाखेत) फक्त नफ्ल (ऐच्छिक नमाज) मना आहे. कजा, म्हणजे वेळेवर राहून गेलेली नमाज, चालते. शाफई या दुसऱ्या मजहबात कारण असलेली नफ्लही चालते, उदाहरणार्थ मशिदीत शिरल्यावरची तहिय्यतुल मस्जिद. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. मुंबईत दोघं एकाच सफेत (रांगेत) उभे राहतात, म्हणून हा फरक तिथे हमखास डोळ्यांत भरतो.

खरी कडक मनाई तीन वेळांची: सूर्य उगवताना, माथ्यावर असताना आणि मावळताना. या वेळी हनफींकडे कजाही नाही. सहीह मुस्लिममधल्या हदीसनुसार सूर्य सैतानाच्या दोन शिंगांमधून उगवतो आणि तेव्हा मुश्रिक (अल्लाहखेरीज इतरांनाही पूजणारे) त्याला सजदा (साष्टांग नमन) करतात. दुपारी जहन्नम (नरक) भडकवला जातो. म्हणजे सजदा अल्लाहलाच असला, तरी सूर्यपूजेसारखा दिसू नये. फज्र आणि असरनंतरची नफ्ल थांबवली, तीही माणूस पढत पढत त्या वेळेला जाऊन भिडू नये म्हणून, असं अनेक उलेमा (धर्मपंडित) सांगतात. मला हे कारण फार पटतं.

सूर्योदयानंतर 15 ते 20 मिनिटं थांबा, मग इशराक (सूर्योदयानंतरची नफ्ल) पढा. संध्याकाळी सूर्याकडे पाहून डोळे दिपेनासे झाले की मनाईची वेळ लागली. मावळायच्या आधीची साधारण 20 मिनिटं धरा. मात्र त्याच दिवशीची असर राहिली असेल तर तेव्हाही पढायचीच, सोडायची नाही. इतका उशीर करणं मकरूह, पण नमाज होते. फज्रचं तसं नाही: पढतापढता सूर्य उगवला तर हनफींच्या मते ती फर्ज बातल (रद्द), नंतर कजा करावी, शाफईंकडे एक रकात पूर्ण झाली असेल तर पुढे पढून संपवायची.

सर्वांत जास्त चूक दुपारी होते. घड्याळात 12 वाजले म्हणजे जवाल नव्हे. सूर्योदय 6:50, सूर्यास्त 6:46 असेल तर मध्य 12:48 ला येतो. मुंबईत तो वर्षभरात साधारण 12:22 ते 12:53 मध्ये सरकतो, नागपुरात सुमारे 25 मिनिटं आधी. शिवाय जवाल म्हणजे ढळणं. मनाई ढळण्याआधीची, सूर्य ढळला की जोहर (दुपारची नमाज) सुरू. म्हणून ऑफिसची सुट्टी 12:30 ला असेल तर मुंबईत जोहर पढण्याआधी त्या दिवसाचं वेळापत्रक पाहा. मध्याच्या दोन्ही बाजूंना पाच मिनिटं सोडली की पुरे. काही हनफी उलेमा मात्र जह्वा-ए-कुब्रापासूनच (पहाट फुटणं ते सूर्यास्त यांच्या मध्यापासून), म्हणजे बरंच आधीपासून, थांबायला सांगतात. तुमच्या मशिदीच्या तक्त्यात तो रकाना असेल तर तो पाळा.