‘नाइस’चा माग काढताना

प्रिय मित्रा,

एकच इंग्रजी शब्द धरून जुनं साहित्य वाचायचं ठरवलंयस, तर ‘नाइस’ घे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ अजाण. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर, त्याच्या ‘वाइफ ऑफ बाथ’च्या कथेत बायकांना काय हवं असतं याची चर्चा आहे. त्यात एक मत असं, की लोकांनी आम्हाला शहाणं म्हणावं, ‘नाइस’ नव्हे. म्हणजे तिथे सरळ मूर्ख!

प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या मोफत संकेतस्थळावरून मजकूर उतरवून घे आणि पूर्ण शब्दाचा शोध लाव. नुसती अक्षरं शोधलीस तर शेक्सपिअरमध्ये ‘व्हेनिस’ही पदरात पडेल, कारण त्याच्या इंग्रजी स्पेलिंगच्या पोटात nice ही चार अक्षरं आहेत. ‘नाइसली’, ‘नाइसेस्ट’ ही रूपं मात्र वेगळी शोधावी लागतात. चॉसरकडे ‘आय’ऐवजी ‘वाय’ येतो, तेही ध्यानात ठेव.

सापडलेलं वाक्य एकटं उचलू नकोस. मागची-पुढची दोन वाक्यं, कोण कोणाला बोलतंय आणि साल, एवढं वहीत हवंच. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या पाचव्या अंकातला दुसरा प्रवेश बघ. रोमिओला पाठवलेलं पत्र पोचलंच नाही हे कळल्यावर ते पाठवणारा धर्मगुरू फ्रायर लॉरेन्स म्हणतो, ते पत्र ‘नाइस’ नव्हतं. इथे ‘पत्र चांगलं नव्हतं’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. पण त्याच ओळीत पुढे ‘पण’ आहे: पण त्यात फार महत्त्वाचा मजकूर होता. म्हणजे इथे ‘नाइस’ म्हणजे किरकोळ. अर्थाची किल्ली त्या ‘पण’मध्ये आहे आणि अर्धी ओळ उतरवली की तीच हातची जाते.

अडलास की मूर्ख, किरकोळ, चोखंदळ, काटेकोर, छान हे पाच मराठी शब्द त्या जागी एकेक बसवून बघ. दोन बसले, तर दोन्ही लिहून ठेव. ओढूनताणून एक निवडू नकोस.

खरी मेजवानी कादंबरीकार जेन ऑस्टिनकडे आहे. ‘नॉर्थँगर ॲबी’च्या चौदाव्या प्रकरणात कॅथरिन एका कादंबरीला जगातलं सगळ्यात ‘नाइस’ पुस्तक म्हणते आणि हेन्री टिल्नी तिला चिडवतो: नीटनेटकं म्हणायचंय ना? ते बांधणीवर अवलंबून! पुढे तो म्हणतो, पूर्वी बहुधा हा शब्द टापटीप, नाजूक अभिरुची यांपुरताच होता, आता कशाचंही कौतुक त्यातच उरकतात. त्याचं हे बोलणं इतिहास म्हणून टिपू नकोस. चॉसरचा ‘मूर्ख’ त्याच्या हिशेबातच नाही. पात्राचं मत आणि शब्दाचा इतिहास यांची पानं वेगळी ठेव.

आता ‘पर्सुएशन’ उघड. ही कादंबरी ‘नॉर्थँगर ॲबी’सोबतच डिसेंबर 1817 मध्ये बाहेर आली. तिच्यात मिस्टर एलियट ॲनला सांगतो, की चांगल्या संगतीला कुळ, शिक्षण आणि रीतभात पुरते, आणि शिक्षणाच्या बाबतीत ही संगत फारशी ‘नाइस’ नसते. इथे ‘छान’ बसवून बघ, वाक्य लंगडतं. ‘चोखंदळ’ घाल, लगेच चालू लागतं. या दोन उताऱ्यांपासूनच सुरुवात कर आणि चॉसरकडे मागून ये.

तुझा,
एक वाचक