सम सोडून वाजणारा बेस

प्रश्न : माझी मुलगी बारावीत आहे. घरात भजनाची परंपरा, हार्मोनियमवर तिचा हात चांगला. पण वर्षभर कीबोर्डवर स्पॅनिश गाणी चाललीत. सर्जियो जॉर्ज म्हणून कोणी आहे, त्याच्यासारखं अरेंजर व्हायचंय म्हणते. हा माणूस गात नाही, मग करतो काय? आणि गोव्यात राहून हे शिकता येईल का?
– एक आई, साखळी

उत्तर : नाव चांगलं निवडलंय बायनं. आपल्याकडे रसिकाची नजर गायकापाशी अडते, फार तर संगीतकारापर्यंत पोचते. तुमची मुलगी त्याच्याही मागं बघतेय, हे लक्षण चांगलं.

सर्जियो जॉर्ज हा न्यूयॉर्कचा पियानोवादक, आईवडील पोर्तो रिकोचे. आधी दुसऱ्यांच्या साल्सा (स्पॅनिश गाण्यांचं लॅटिन नाचसंगीत) बँडमध्ये पियानो वाजवला, मग आरएमएम नावाच्या तिथल्या कंपनीसाठी रेकॉर्डिंग करायला लागला. टिटो नीव्हस, ला इंडिया हे गायक आणि १९९०च्या दशकातला तरुण मार्क अँथनी त्याच्या हाताखालून गेले. अरेंजरचं काम म्हणजे मांडणी : गायकाची ओळ संपल्यावर ट्रॉम्बोननं उत्तर द्यायचं की ट्रम्पेटनं, कोरस कधी घ्यायचा, पियानोनं कुठं गप्प बसायचं. प्रोड्यूसर त्याच्या वरचा. गाणं निवडणं, गायकाची पट्टी ठरवणं, वादक बोलावणं, कुठला टेक ठेवायचा ते सांगणं आणि पैशांचा हिशेब, सगळं त्याच्या गळ्यात. जॉर्ज दोन्ही करतो.

एक उदाहरण घ्या. २०१२ साली अल्जीरियाच्या खालेदचं ‘से ला वी’ हे नाचाचं गाणं गाजलं. पुढच्याच वर्षी मार्क अँथनी आणि जॉर्ज यांनी ते स्पॅनिशमध्ये ‘विविर मी विदा’ म्हणून केलं, साल्सात. चाल तीच, पण ठेका, बेस, पियानो, ब्रास (ट्रम्पेट-ट्रॉम्बोन) सगळं नव्यानं बसवलं. त्या वर्षीचं ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’ हे लॅटिन ग्रॅमी त्याला मिळालं. बायला ही दोन्ही गाणी लागोपाठ ऐकायला सांगा. अरेंजर काय करतो, हे तिला माझ्या पानभर लिहिण्यापेक्षा लवकर कळेल.

आता जरा शास्त्र, कारण मला याच भागात रस आहे. हे संगीत क्लावे नावाच्या पाच ठोक्यांवर उभं असतं. तुमच्या घरात तबला असेलच. तीनतालासारख्या सोळा मात्रा जरा जलद मोजा आणि १, ४, ७, ११, १३ यांवर टाळी द्या. पहिल्या आठांत तीन टाळ्या, दुसऱ्या आठांत दोन. हाच उलटा केला की टाळ्या ३, ५, ९, १२, १५ वर येतात, म्हणजे पहिली मात्रा चक्क रिकामी! भजनी माणसाला सुरुवातीला चुकल्यासारखं होतं. त्यात बेसवाला आठांच्या प्रत्येक आवर्तनात ४ आणि ७ वर वाजवतो, आणि ७ वर जो सूर लावतो तो पुढच्या आवर्तनातल्या कॉर्डचा. सगळे समेवर यायच्या आधीच हा तिथं पोचलेला, आणि सम येते तेव्हा हा गप्प. नाचणाऱ्याचा पाय ओढला जातो तो यामुळं. अरेंजरनं ब्रासची ओळ क्लावेच्या उलट्या बाजूनं लिहिली, तर सूर बरोबर असूनही कॉंगा हा उभा ढोल वाजवणारा जुना वादक नाक मुरडणारच.

गोव्यात राहून जमेल का, याला माझं उत्तर जपानचं आहे. टोकियोच्या ओर्केस्ता दे ला लूस या सगळ्या जपानी वादकांच्या बँडचा पहिला अल्बम १९९०मध्ये आला, निर्माता हाच जॉर्ज. अमेरिकेतल्या ट्रॉपिकल (साल्सासारख्या लॅटिन संगीताच्या) यादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला. त्या मंडळींची मातृभाषा काही स्पॅनिश नव्हती. क्लावे मात्र पक्का होता.

आणि आपल्याकडे तर नोटेशनची पेठ आहे. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत मुलं सोल्फेज, म्हणजे लिहिलेले सूर वाचून गाणं, शिकली, आणि त्या जोरावर गोंयकारांनी मुंबईची फिल्मी ऑर्केस्ट्रा चालवली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. बायला कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात चौकशी करायला पाठवा. शनिवार-रविवारी लग्नांत खरे वादक घेऊन वाजवणारा एखादा बँड शोधा. मायनस वन ट्रॅक (आधीच रेकॉर्ड केलेली साथ) लावून गाणारे नकोत, त्यात अरेंजरला शिकण्यासारखं काही नसतं.

प्रश्न : हिंदी गाण्यांत लॅटिन ठेका कुणी आणला?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : एकाच माणसाच्या नावावर टाकणं अन्यायाचं होईल. पण १९५१चा ‘अलबेला’ ऐका. संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं, आणि सोबतीला ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ. ‘शोला जो भडके’मधले बोंगो, म्हणजे क्यूबाकडचे छोटे जोडढोल, कान देऊन ऐका. याच सिनेमात पडद्यावरही चिक आणि त्यांचा बँड दिसतो.

प्रश्न : अरेंजरच्या धंद्यात पैसा आहे का? मुलाला महागडा कॉम्प्युटर घ्यायचाय.
– एक वडील, फोंडा

उत्तर : अरेंजरला सहसा एका गाण्याचे ठरावीक पैसे मिळतात, मग ते गाणं जगभर वाजो. प्रोड्यूसरला करारात टक्केवारी मागता येते. फरक तिथं पडतो. जॉर्जनं २००९मध्ये टॉप स्टॉप ही स्वतःची कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी प्रिन्स रॉयस हा नवा गायक बाजारात आणला. तोही साल्सात नाही, बचाटा या डॉमिनिकन नाचसंगीतात. ‘मालक व्हा’ असा सल्ला मी देत नाही, कारण त्याच्यामागं दुसऱ्यांच्या गाण्यांवर घालवलेली बरीच वर्षं आहेत.

कॉम्प्युटर आत्ता नको. कागद आणि पेन्सिल घेऊन त्यानं दोन ट्रम्पेट आणि एक ट्रॉम्बोन यांचे आठ बारचे (आवर्तनांचे) पार्ट लिहावेत. ट्रम्पेटचा पार्ट ऐकू येतो त्याहून एक पूर्ण स्वर वर लिहायचा, ट्रॉम्बोनचा आहे तसाच. कॉम्प्युटर हे आपोआप करतो, म्हणूनच आधी हातानं. मग एखाद्या वाजवणाऱ्याच्या दारात उभं राहून वाजवून घ्यावं. श्वास घ्यायला जागा ठेवली नसेल, तर ट्रम्पेटवाला तिसऱ्याच बारला सांगेल, आणि गोव्याचा ट्रम्पेटवाला ते सभ्य भाषेत सांगेलच असं नाही. तो कागद घेऊन घरी येऊन त्यानं पुन्हा लिहायला घेतलं, तर कॉम्प्युटरचा विषय दिवाळीनंतर काढा.