‘सी-टच’ खोली आणि आईंचे गुडघे

(या पानावर वाचकांच्या सहलींविषयीच्या प्रश्नांना उत्तरं दिली जातात. उत्तरं देणाऱ्या ताई मूळच्या खानापूर तालुक्यातल्या. दक्षिण गोव्यातल्या रिसॉर्टांच्या हाउसकीपिंगमध्ये बरीच वर्षं काढून आता बेळगावात बुकिंगचं काम करतात.)

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत आम्ही दहाजण समुद्रावर जायचं म्हणतोय. सासूबाईंचे गुडघे दुखतात. थोरल्याला स्विमिंग पूल पाहिजे, धाकटीला खोलीतून समुद्र दिसला पाहिजे आणि ह्यांना फक्त मासे. गोव्यातलं एक ‘सी-टच’ रिसॉर्ट आणि मालवणजवळच्या देवबागचं एक घरगुती निवास, असं दोन्हीकडे विचारलंय. गोव्याचं भाडं जवळजवळ दुप्पट आहे. काय करावं?
– एक गृहिणी, निपाणी

उत्तर : वैनी, आधी त्या ‘सी-टच’चं बघूया. हा जाहिरातीतला शब्द, तो कुणीही कशालाही लावतो. समुद्रापासून किती लांब बांधायचं याला मात्र कायदा आहे, सीआरझेड (कोस्टल रेग्युलेशन झोन) म्हणतात तो. १९९१ साली आला, २०११ आणि २०१९ मध्ये बदलला. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपासून २०० मीटरच्या आत नवीन पक्कं बांधकाम सहसा करता येत नाही. तिथली जुनी घरं आणि हंगामापुरते उभारलेले बांबूचे हट यांची गोष्ट वेगळी. म्हणजे मोठं, नवं, काँक्रीटचं रिसॉर्ट ‘समुद्राला टेकलेलं’ आहे असं कुणी सांगितलं, तर पुढचा प्रश्न विचारायचा : खोलीच्या दारातून वाळूपर्यंत चालत किती मिनिटं लागतात आणि मधे पायऱ्या किती? तरण्या माणसाला दोनशे मीटर म्हणजे काहीच नाही. पण मऊ वाळूत पाय रुतवत तेवढंच अंतर सासूबाईंना दिवसातून दोनदा होईल का? काही किनारे तर मुळातच उतरून जायचे आहेत. गोकर्णच्या ओम बीचला गाडी वर लावून पायऱ्या उतराव्या लागतात. फोटोत त्या पायऱ्या सुंदरच दिसतात.

सासूबाईंसाठी तळमजल्याची खोली मागाच, पण तेवढ्यावर थांबू नका. कमोड आहे का, बाथरूमच्या दाराला उंबरा किती, धरायला काही आहे का, हे विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं : त्या दिवसभर बसणार कुठं? हे कुणी विचारतच नाही. रिसॉर्टमध्ये आम्ही रोज बघायचो. घरची सगळी मंडळी पाण्यात आणि आजी बंद खोलीत एसी लावून टीव्हीसमोर. टॉवेल बदलायला गेलं की त्या आम्हालाच बसवून घ्यायच्या, गाव कुठलं, पोरं किती, सगळं विचारायच्या. खानापूर म्हटलं की आमची सुटका नसायची. त्यांना पाहिजे असतो सावलीतला व्हरांडा, पाठ टेकायला खुर्ची आणि येणारं-जाणारं माणूस. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. तिथल्या घरांच्या पडवीत बसलं तरी कुठलं ना कुठलं पाणी जवळ असतं, शिवाय घरची माणसं बोलायला असतात.

आता धाकटीची खोली. समुद्र दिसणाऱ्या खोलीला जादा पैसे घेतात. आपला किनारा पश्चिमेचा, बघण्यासारखी वेळ सूर्यास्ताची, आणि त्या वेळी तुम्ही सगळे खाली वाळूतच असणार. दुपारी तीच बाजू तापते म्हणून पडदे ओढलेले आणि रात्री बाहेर नुसता काळोख. नवरा-बायको दोघंच चाललेत आणि खोलीतच बसायचंय तर घ्यावी. दहाजणांच्या गोतावळ्याला कशाला पाहिजे?

थोरल्याचं मात्र खरं आहे. पूल दिसला की पोरं समुद्राकडं ढुंकून बघत नाहीत. पण पूलची वेळ विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी सातला बंद होतो आणि सुती कपड्यांत उतरू देत नाहीत. दिवसभर फिरून आल्यावर पोहू असा बेत असेल, तर पूलचे पैसे पाण्यात.

भाडं विचारताना ‘प्लस टॅक्स’ ऐकलं की पूर्ण आकडा काढून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून खोलीला दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असेल तर ५ टक्के आणि त्याहून जास्त असेल तर १८ टक्के जीएसटी आहे. दिवाळीचे भाव त्या रेषेच्या पलीकडं सहज जातात.

माझं मत देवबागला. वाचलेल्या पैशातून एक खोली जादा घ्या, कारण दहा माणसांना खोल्यांपेक्षा बाथरूम मोजायच्या असतात. सकाळी आंघोळीची रांग लागली की अर्ध्या सहलीचा मूड तिथंच जातो. थोरल्याला तारकर्लीला स्नॉर्कलिंगला न्या, पूल विसरेल. तुम्हाला निपाणीहून संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली असा रस्ता आहे. घाटात वळणं आहेत, पोरांना भरल्या पोटी बसवू नका.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. समुद्र बघायची हौस आहे, पण जेवणाचं काय? मालवणकडं गेलेल्या शेजाऱ्यांना दोन दिवस बटाट्याची भाजी खावी लागली, आणि आम्हाला तर बटाटाही चालत नाही.
– एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर : तुमच्यासाठी मी गोकर्ण किंवा मुर्डेश्वर म्हणेन. दोन्ही देवस्थानाची गावं, शाकाहारी खानावळी रस्त्यावरच आहेत, आणि समुद्र काय, सगळीकडं खाराच. बुकिंग करताना ‘प्युअर व्हेज मिळतं का’ एवढंच विचारलं की पलीकडून ‘हो’च येतं. तवा आणि कढई वेगळी आहे का, कांदा-लसूण-बटाट्याशिवाय काय काय होतं, असं नाव घेऊन विचारा. घरात सूर्यास्ताआधी जेवणारं कुणी असेल तर तेही आधीच सांगा. रिसॉर्टचा बुफे साडेसात-आठला उघडतो आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो. आधी कळवलं तर साडेपाचला ताट लावून देतात. ऐनवेळी सांगितलं तर कूक जागेवरच नसतो. भाजीची काळजी करू नका. गोव्याच्या हॉटेलांत पहाटे उतरणारी बहुतेक भाजी आपल्या बेळगावच्या मार्केटमधनंच जाते की.

प्रश्न : साडेचार तारे आणि शेकडो अभिप्राय बघून खोली घेतली. गेल्यावर कुबट वास, चिकट चादरी. लोक खोटं लिहितात का?
– एक निवृत्त कर्मचारी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : काही लिहितात. पण जास्त वेळा ते खरंच लिहितात, फक्त जानेवारीत राहून लिहितात आणि तुम्ही ऑगस्टमध्ये जाता. किनाऱ्यावर हवाच ओली. पावसाळ्यात चादर धुवायला वेळ लागत नाही, वाळायला लागतो. ड्रायर नसला किंवा चादरींचे जोड कमी असले की दमट चादरच पलंगावर पसरली जाते. नीट चाललेल्या ठिकाणी प्रत्येक पलंगामागे निदान तीन जोड ठेवतात : एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. खारा वारा एसी, कड्या, नळ लवकर खातो. खोली चार दिवस बंद राहिली की वास आलाच. त्यामुळं तारे बघू नका, तारखा बघा. ज्या महिन्यात जायचंय त्याच महिन्यातले, मागच्या वर्षीचे अभिप्राय वाचा. पाच तारे देणारा खूश होऊन निघून जातो, एक तारा देणारा बहुधा पैशावरनं भांडलेला असतो. दोन आणि तीन तारेवाले काय बिघडलं ते सांगतात. त्यातही एकच तक्रार दोघा-तिघांनी वेगवेगळ्या महिन्यांत लिहिली असेल तर ती खरी धरा. मालकानं खाली काय उत्तर दिलंय तेही वाचा. तक्रार करणाऱ्यालाच खोटं पाडणारा मालक तुमच्याशीही तसाच वागणार.

फोटो मागायचे ते ‘आजचे, मोबाइलवरचे, बाथरूमचे’. रिकाम्या खोलीचा फोटो काढून पाठवायला दोन मिनिटं लागतात. जो टाळतो त्याला आपणही टाळायचं.

आणि पोचल्यावर बॅग उघडायच्या आधी एवढं करा. उशीला नाक लावा. गादीच्या पायथ्याची चादर उचलून खाली हात फिरवा, ओल हाताला लगेच कळते. एसी चालू करून त्याच्या जाळीत काळे ठिपके आहेत का बघा. नळाखाली साबण चोळा : फेस होत नसेल तर विहिरीत खारं पाणी चढलंय, दोन दिवसांत केसांचा काथ्या होईल. चहाच्या किटलीचं झाकण उघडून आत बघा, कारण घाईच्या दिवशी पहिल्यांदा तीच राहून जाते. काही आवडलं नाही तर तेव्हाच, सामान न पसरता, दुसरी खोली मागा. वापरलेली खोली बदलून द्यायला कुठलंही रिसेप्शन राजी नसतं, न वापरलेली देतात. चेक-आउट अकरा-बाराला आणि चेक-इन दोनला असतो, त्या मधल्या वेळात आम्ही पोरी धावत असायचो. ‘लवकर द्या, लवकर द्या’ म्हणून बाराला खोली घेतलीत तर तिची सफाईही बाराचीच मिळणार.

प्रश्न : जुलैत रिसॉर्ट निम्म्या भावात मिळतंय. लहान मुलं घेऊन जावं का?
– एक शिक्षिका, हल्याळ

उत्तर : पाऊस बघायला जायचं असेल तर खुशाल जा. समुद्रासाठी नको. गोव्यात जून ते सप्टेंबर पोहायला मनाई असते, किनाऱ्यावरचे शॅक उतरवलेले असतात, मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिकी बोटींच्या मासेमारीला बंदी, त्यामुळं ताटातला ‘ताजा’ सुरमई बर्फातनं उठून आलेला असू शकतो. मुलं कंटाळतील आणि तुम्ही त्यांना पाण्यापासून ओढत बसाल.

नोव्हेंबरात जा, आणि लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पाण्यात उतरा. जीवरक्षकांची नजर तेवढ्याच पट्ट्यावर असते. लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा शांत दिसला तर पोरांना तिथं सोडू नका. पाणी तिथनंच जोरात आत परततं. त्यात सापडलंच कुणी तर किनाऱ्याकडं झुंजायचं नाही, आडवं पोहून बाहेर पडायचं. तुमच्याच जिल्ह्यात होन्नावरजवळ कासरकोडचा किनारा आहे. २०२० साली देशातल्या पहिल्या आठ ‘ब्लू फ्लॅग’ किनाऱ्यांत त्याचा नंबर लागला. हे मानांकन डेन्मार्कची एक संस्था देते आणि त्यासाठी पाण्याची शुद्धता, स्वच्छता, सुरक्षितता अशा ३३ गोष्टी तपासते. मुलं बरोबर असताना मी राहायची जागा नंतर शोधते, किनारा आधी.

प्रश्न : वेंगुर्ल्याजवळ सासुरवाडीचं कौलारू घर रिकामं पडलंय. पर्यटकांसाठी चालू करायचा विचार आहे. हाताशी फार पैसे नाहीत. मेहुणा म्हणतो, आधी छोटा पूल आणि रंगीत दिवे, मग बाकीचं. तुम्ही काय म्हणता?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : अण्णा, मेहुण्याला थोडं थांबवा.

आम्हाला ट्रेनिंगमध्ये नोरिआकी कानो या जपानी प्राध्यापकांची एक मांडणी शिकवली होती, १९८४ सालची. काही गोष्टी असल्या म्हणून कुणी कौतुक करत नाही, पण नसल्या तर माणूस चिडतो. काही जितक्या चांगल्या तितका तो खूश. आणि काहींची त्यानं अपेक्षाच केलेली नसते, त्या मिळाल्या की हरखतो. मेहुणा थेट तिसऱ्यावर उडी मारतोय आणि तुमचं पहिलं अजून व्हायचंय. गरम पाणी आलं म्हणून कधी कुणी आभाराचं पत्र लिहिलेलं मी बघितलं नाही. नाही आलं म्हणून भरलेली पानं बघितलीत.

तेव्हा पैसे आधी गाद्यांवर, गोड्या पाण्याच्या टाकीवर, खिडक्यांच्या मच्छरजाळीवर आणि इन्व्हर्टरवर घाला. संडास-बाथरूम खोलीला जोडूनच पाहिजे. रात्री बॅटरी घेऊन परसात जायला आता शहरातलं माणूस तयार नाही. दारात पाय धुवायला नळ आणि घासायला खरखरीत फरशी करा, म्हणजे वाळू आत येणार नाही आणि तुमचे पाइप तुंबणार नाहीत. ओले कपडे घालायला दोऱ्या, बाथरूममध्ये भरपूर खुंट्या, उशाशी चार्जिंगचा प्लग. कौलं तशीच ठेवा, पत्रे घालू नका. शहरातला माणूस त्या कौलांसाठीच येणार आहे, आणि दुपारी पत्र्याखाली बसवणार नाही.

हरखण्याजोगं जे असतं त्याला फार पैसे लागतच नाहीत. आमच्याकडं लोक जाताना वहीत लिहायचे ते बाळाला मऊ भात करून दिला म्हणून, पहाटे पाचला निघताना चहा तयार होता म्हणून. पूलचं नाव क्वचितच यायचं. तुमच्या सासूबाईंना घावणे येत असतील तर निघणाऱ्याला चार बांधून द्या.

महाराष्ट्र पर्यटनाची ‘निवास व न्याहारी’ योजना आहे, तिच्यात नोंदणी करा. गिऱ्हाईक तर दारातलंच आहे. हिंडलग्यावरनं जाणाऱ्या रस्त्याला आपण आजही वेंगुर्ला रोडच म्हणतो. जाहिरातीत मात्र समुद्र किती मिनिटांवर ते खरं लिहा, दहा तर दहा. जो येईल तो दहा मिनिटं धरूनच येईल, भांडणार नाही. आणि फोन कोण उचलणार ते आधी ठरवा, मेहुणा नको. दिवसभर फोन घेणारं घरचं माणूस ठरलं की नंबर मला कळवा, दोन खोल्यांची विचारणा माझ्याकडं आत्ताच आहे.