गाडी एक, देश चार

प्रश्न: आमच्या जुन्या इनोव्हाचं काम काढलं तेव्हा मेकॅनिक म्हणाला, हिचे पार्ट थायलंड-इंडोनेशियाशी जोडलेले असतात. मग ही गाडी भारतात बनली की नाही? — एक वाचक, सातारा

उत्तर: बनली की, बिडदीला, बंगळुरूजवळ. पण मेकॅनिकही खोटं बोलला नाही. टोयोटाने २००४ मध्ये आयएमव्ही नावाचा प्रकल्प काढला, एकाच चॅसिसवर हायलक्स पिकअप, फॉर्च्युनर आणि इनोव्हा, आणि कामाची वाटणी अशी की डिझेल इंजिनं थायलंडला, पेट्रोल इंजिनं इंडोनेशियाला, मॅन्युअल गिअरबॉक्स फिलिपिन्सला आणि आपल्या बिडदीला. अंगतपंगतच म्हणा, कुणी भाकरी आणायची, कुणी पिठलं, आणि जेवण सगळ्यांचं.

आता हे जुळलं कसं, तर आधी आग्नेय आशियातल्या प्रत्येक देशाला स्वतःचा गाडीचा कारखाना हवा होता आणि त्यासाठी सगळ्यांनी आयात ड्युटीच्या भिंती उभ्या केल्या होत्या, पण गिऱ्हाईक थोडं. प्रेसची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, दहा हजार नगांसाठी करा नाहीतर लाखभर नगांसाठी, खर्च तोच, मग प्रत्येक देशात थोडे थोडे नग काढून परवडणार कुणाला? मित्सुबिशीसारख्या कंपन्यांनी हेच गाऱ्हाणं लावून धरलं आणि १९८८ मध्ये आसियानने, म्हणजे त्या देशांच्या संघटनेने, योजना आणली की एकाच ब्रँडचे पार्ट सदस्य देशांमधल्या कारखान्यांत फिरले तर ड्युटी निम्मी, आणि बाहेरून आलेला तो पार्ट देशी मालाच्या अटीत लोकल धरायचा. यातलं दुसरं कलम मला जास्त हुशारीचं वाटतं. मुक्त व्यापार क्षेत्राचा निर्णय झाला तो १९९२ मध्ये, आणि १९९६ च्या योजनेत ही ड्युटी ०-५ टक्क्यांवर आली. आपल्याला वाटतं आधी करार होतो आणि मग कारखाने येतात, इथे मात्र कंपन्यांनी सरकारांना हाताला धरून नेलं. मलेशिया तेवढा आपला डबा घेऊन बाजूला बसला, प्रोटॉन ही घरची गाडी कंपनी सांभाळायची होती ना, म्हणून गाड्यांवरची ड्युटी उतरवायला त्यांनी मुदत मागून घेतली.

प्रश्न: आमचं छोटं मशीनिंग युनिट आहे. थायलंडला पार्ट पाठवायचेत. ३५ टक्क्यांचा नियम म्हणजे नेमकं काय? — एक वाचक, चाकण

उत्तर: भारत-आसियान करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे, पण आधी तुमची वस्तू थायलंडच्या सवलतीच्या यादीत आहे का ते बघा, नसेल तर बाकीचं वाचून उपयोग नाही. असेल तर साधारण नियम असा, पार्टची एफओबी किंमत, म्हणजे आपल्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतची, १०० रुपये धरली तर त्यात बाहेरचा, म्हणजे भारत आणि आसियान सोडून आलेला माल ६५ च्या वर जाता कामा नये, म्हणजे उरलेले निदान ३५ आपल्यातले, तोच तुमचा नियम, शिवाय त्या मालाचा सहा आकडी एचएस कोड, म्हणजे कस्टम्सचा वस्तू ओळखायचा क्रमांक, आणि तयार पार्टचा कोड वेगळा पडला पाहिजे, नुसतं पॉलिश करून डब्यात भरलं तर चालत नाही. थायलंडचंच स्टील वापरलंत तर ते कागदपत्रांसह आपल्यातलंच धरता येतं, जपान-कोरियाचं नाही. आरसेप या आसियान, चीन, जपान वगैरेंच्या मोठ्या व्यापार करारातल्या १५ देशांना मात्र त्यांच्यातल्या त्यांच्यात माल पाठवताना जपान, कोरिया, चीन सगळ्यांचा माल आपल्यात मोजता येतो, आणि आपण नोव्हेंबर २०१९ मध्ये बँकॉकला त्या पंगतीतून उठलो. चिनी मालाची भीती खरीच होती, पण पार्ट बनवणाऱ्याला त्याची किंमत पडते हेही खरं.

फॉर्म एआय, म्हणजे माल कुठला ते सांगणारं या कराराचं सर्टिफिकेट, भरताना कोड तीनदा तपासा. मी परचेसला होतो तेव्हा एकदा सर्टिफिकेटवर एक कोड आणि इन्व्हॉइसवर दुसरा, एवढ्यावरून कंटेनर बंदरात बसून राहिला आणि जेवढी ड्युटी वाचणार होती त्याहून जास्त डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याचा दंड, भरलं. चूक आमचीच, ओरडा मात्र बिचाऱ्या एजंटला.

प्रश्न: एवढ्या देशांवर अवलंबून राहणं म्हणजे धोकाच ना? — एक वाचक, नाशिक

उत्तर: हो, आहेच. २०११ च्या पुरात थायलंडमधल्या अयुथ्थयाच्या औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या, होंडाचा कारखाना तर बुडालाच, पण टोयोटाचे कारखाने कोरडे असूनही लाईन थांबली कारण पार्ट देणारे सप्लायर बुडाले होते, आणि त्याची झळ इंडोनेशिया, फिलिपिन्सपर्यंत गेली. त्याच पुराने हार्डडिस्कचे भाव आपल्याकडेही कसे चढले होते ते कॉम्प्युटरवाल्यांना विचारा.

पण पुरापेक्षा मला कागदाची भीती जास्त वाटते. १ जानेवारी २०१८ ला व्हिएतनामने आसियानमधून येणाऱ्या गाड्यांवरची ड्युटी शून्य केली, गिऱ्हाईकं स्वस्ताईची वाट बघत बसलेली, आणि त्याच सुमाराला सरकारने हुकूम काढला की गाडी जिथे बनली तिथल्या सरकारी खात्याचं सर्टिफिकेट आणा, शिवाय येणाऱ्या प्रत्येक खेपेची व्हिएतनाममध्ये तपासणी होणार. टोयोटा, होंडाने गाड्या पाठवणंच थांबवलं. ड्युटी शून्य आणि शोरूमही रिकामी, अशी त्यांच्याकडे वर्षाची सुरुवात झाली.