तुळस आणि बेझिल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या वृंदावनातली तुळस दर वर्षी पोळ्याच्या आसपास वाळते. माती शेतातली काळी आहे आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतो. काय चुकतं? – एक वाचक, परभणी

उत्तर : पाणी जास्त होतंय. काळी माती ओल धरून ठेवते म्हणून ती कपाशीला, हरभऱ्याला चांगली. वृंदावनात मात्र तोच गुण तुळशीच्या मुळावर येतो. पावसाळ्यात ही माती फुगते, मुळांना हवा मिळत नाही आणि मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे ओल्या मातीतही पानं माना टाकतात. आपण ते पाहून आणखी पाणी घालतो आणि उरलंसुरलं झाडही जातं.

आधी वृंदावनाचा तळ पाहा. पुष्कळदा तो सिमेंटनं बंद असतो. तळाशी बोटभर जाडीची दोन छिद्रं पाडून घ्या आणि त्यांवर खापराचा तुकडा उपडा ठेवा. विटांच्या तुकड्यांचा जाड थर देऊ नका. त्यानं निचरा सुधारत नाही, मुळांची जागा तेवढी कमी होते. काळी माती पूर्ण काढायची गरज नाही. एक घमेलं माती, एक घमेलं जाडी वाळू आणि एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत असं मिश्रण करा. शेणखत कच्चं असेल तर ते कुजताना तापतं आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

पूजेत खंड नको असेल तर रोज पळीभर पाणी वाहा. तांब्याभर पाणी मात्र माती बोटाच्या एका पेराएवढी खोल कोरडी लागली तरच घाला. झडीच्या दिवसांत आठवडाभरही लागणार नाही, मे महिन्यात रोज लागेल. उदबत्ती आणि दिवा झाडापासून हातभर लांब ठेवा. खोडाला हळदीकुंकवाचे थर चढू देऊ नका.

आत्ताच्या झाडाचं खोड नखानं खरवडा. आत हिरवं दिसलं तर मंजुळा नसलेल्या चार इंची फांद्या कापा, खालची पानं काढा आणि पाण्यात उभ्या करा. पाणी दिवसाआड बदला. साधारण दोन आठवड्यांत मुळं फुटतात. थंडीत जास्त वेळ लागतो.

प्रश्न : बोअरचं पाणी घालतो. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या. मातीवर पांढरा थर येतो. – एक वाचक, लातूर

उत्तर : पाणी जड आहे. पांढरा थर क्षारांचा आहे आणि पिवळेपणा लोह न मिळाल्याचा. थर खरवडून काढा. महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट पावसाचं किंवा एसीचं पाणी ओतून क्षार खालून वाहू द्या. आरओ यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी अजिबात वापरू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात. जुनी, खालची पानं पिवळी पडत असती तर नत्र कमी म्हणून मूठभर गांडूळखत पुरलं असतं. इथे त्यानं भागणार नाही. लिटरभर पाण्यात २ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. फवारणीनंतर आठवडाभर पानं खाऊ नका.

प्रश्न : किराणा दुकानातल्या सब्जाचं बेझिल उगवेल का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : उगवेल. दोन्ही एकाच जातीची झाडं, पण सब्जाच्या पानांचा वास वेगळा येतो. पास्त्यात घालायचा तो गोडसर वास हवा असेल तर स्वीट बेझिलचंच बी आणा. बी मातीवर भुरभुरा आणि वर चिमूटभरच माती टाका. खोल गेलं तर उगवत नाही. आठवडाभरात अंकुर दिसतात. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, बाजूच्या फांद्या फुटतील. फुलोरा दिसताच तोडत राहा, नाहीतर पानं बारीक आणि कडवट होतात. मराठवाड्यात पेरणीला सप्टेंबरअखेर उत्तम. एप्रिल-मेमध्ये कुंडीला सकाळचं दहापर्यंतचंच ऊन द्या, नंतर सावली.