बिग बॉय झीलकरी नाही

मागच्या अंकात आउटकास्ट या रॅप जोडीच्या 'अक्वेमिनाय' या अल्बमबद्दल मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या आणि 'या जोडीचं सर्वांत चांगलं काम' असं म्हणून पुढे गेले होते. त्यावर पत्रं आली, काही चांगलीच तापलेली. म्हणून या वेळचं सदर पूर्ण अटलांटाच्या या दोघांना, आंद्रे ३००० आणि बिग बॉय यांना.

प्रश्न : ताई, मी आणि माझा मावसभाऊ दोन महिने भांडतो आहोत. तो 'अक्वेमिनाय'वाला, मी 'द लव्ह बिलो'वाला. माझं म्हणणं, आउटकास्ट म्हणजे आंद्रे ३०००. डोकं त्याचं, 'हे या' गाणं त्याचं. बिग बॉय नुसता साथीला उभा. 'लव्ह बिलो'त आंद्रे एकटा आहे म्हणूनच तो अल्बम सगळ्यांत वरचा. ग्रॅमीही त्यालाच मिळालं. आता तुम्हीच निकाल द्या.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : निकाल मावसभावाच्या बाजूने. आणि तुझं पत्र वाचताना मी 'साथीला उभा' या दोन शब्दांपाशी अडखळले, म्हणून आधी तेवढंच घेते.

लहानपणी आमच्या मिरजेत गणपतीत पोवाडे व्हायचे. शाहीर डफावर थाप मारून चौक म्हणायचा आणि त्याची ओळ संपत आली की मागचे दोघं-तिघं झीलकरी 'जी जी रं जी' करत ती उचलायचे. झीलकऱ्यांशिवाय पोवाडा उभा राहत नाही, पण झीलकरी स्वतःची गोष्ट सांगत नाही. तो शाहिराची गोष्ट पुढे नेतो. तू बिग बॉयला त्या जागी उभं केलं आहेस, आणि ते मला अजिबात पटत नाही. बिग बॉय प्रत्येक अल्बममध्ये स्वतःची गोष्ट सांगतो आणि ती बऱ्याचदा आंद्रेच्या गोष्टीला छेद देते.

आधी हिशेब नीट करू. २००३ साली आलेल्या त्या अल्बममध्ये दोन सीडी होत्या, बिग बॉयची 'स्पीकरबॉक्स' आणि आंद्रेची 'द लव्ह बिलो'. २००४ चं अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं ते दोन्हींना मिळून. 'हे या' अमेरिकेच्या यादीत नऊ आठवडे पहिलं होतं. त्याला खाली कोणी उतरवलं? 'द वे यू मूव्ह'ने. ते बिग बॉयचं गाणं, गायक स्लीपी ब्राउनच्या आवाजातल्या हुकसकट, म्हणजे धृपदासकट, त्याच अल्बममधलं.

आता 'एटीएलियन्स' हा अल्बम. त्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, पण माझ्यासाठी ही जोडी तिथे सुरू होते. मी १९९५ च्या ऑगस्टमध्ये शिकायला अटलांटाला उतरले. पुढच्या उन्हाळ्यात ऑलिंपिक आलं, आमच्या जॉर्जिया टेकच्या वसतिगृहांत खेळाडू राहायला आले आणि मी डिकेटरला एका मैत्रिणीच्या आईकडे मुक्काम हलवला. मैत्रीण तिथलीच, कृष्णवर्णीय, गाडीच्या डिकीत इतके मोठे स्पीकर की सामान मागच्या सीटवर ठेवावं लागायचं. खेळ संपून तीन आठवडे झाले आणि २७ ऑगस्टला 'एटीएलियन्स' आला. त्यात 'एलेव्हेटर्स' नावाचं गाणं आहे. सुरुवातीलाच ईस्ट पॉइंटमधला हेडलँड आणि डिलोव या रस्त्यांचा चौक येतो, आणि मग ही पोरं मार्टा पकडून वस्त्यांतून कशी फिरायची ते येतं. मार्टा म्हणजे तिथली लोकल. मी रोज तिच्यातून जात होते. विमानतळाच्या बाजूला गाडी निघाली की लेकवूड, ईस्ट पॉइंट, कॉलेज पार्क ही स्टेशनं लागायची आणि माझ्यासाठी ती नुसती नावं होती. त्या गाण्यानंतर मी ईस्ट पॉइंटला मुद्दाम उतरले. उन्हात तापलेला एक साधा रस्ता, दुकानं, बसची वाट पाहणारी माणसं. पण या जागेवर कोणीतरी गाणं केलं आहे हे मला ठाऊक होतं, आणि परदेशात पहिल्यांदाच एखादं गाव मला आपलं वाटलं.

त्याच गाण्याच्या शेवटी आंद्रेला एक माणूस भेटतो, शाळेतली ओळख सांगतो. त्याची समजूत, याच्याकडे आता पैसाच पैसा. आंद्रे सांगतो की तू पगारावर जगतोस तसा मी बीटवर जगतो, ऐकणाऱ्याचे पाय हलले नाहीत तर माझं पोट भरत नाही. या अल्बमच्या सुमारास आंद्रेने दारू-गांजा सोडला होता आणि डोक्याला फेटा गुंडाळायला लागला होता. बिग बॉय नुकताच मुलीचा बाप झाला होता. दोघंही एकवीस वर्षांचे, आणि दोघांचे रस्ते इथून फुटायला लागलेले कानाला कळतात.

'अक्वेमिनाय'मध्ये (१९९८) ते रस्ते पुरते वेगळे झालेत, आणि तरी दोघं एकाच गाण्यात आहेत. नावातच ते आहे : बिग बॉयची कुंभ रास म्हणजे अक्वेरियस आणि आंद्रेची मिथुन म्हणजे जेमिनाय, दोन्ही एकत्र शिवलेल्या. त्यातलं 'स्पॉटीऑटीडोपालिशस' ऐक. सात मिनिटांचं गाणं, ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची एकच ओळ फिरून फिरून येते, इतकी सावकाश की दुपारी झोप लागावी. दोघंही रॅप करत नाहीत, बोलतात. आंद्रे क्लबमधली एक रात्र सांगतो : गर्दी, घाम, नाच आणि मग पेटलेली मारामारी. मग बिग बॉय येतो. त्याच्या गोष्टीत एक मुलगी भेटते, प्रेम होतं, मूल होतं. आणि नोकरी? पोस्टातून फोन येत नाही, पार्सल कंपनीतून येत नाही, कारण लघवीच्या तपासणीत नशा सापडलेली. त्या मऊ ट्रम्पेटखाली ही ओळ येते तेव्हा मी दर वेळी थांबते. रात्र आंद्रेची. सकाळ उजाडते ती बिग बॉयच्या कडव्यात, दूध-लंगोटाच्या खर्चासकट. एकट्या आंद्रेच्या हातून हे गाणं क्लबच्या दारातच संपलं असतं.

'द लव्ह बिलो' मला आवडतो. त्यात धाडस आहे, सूर आहेत, एका माणसाची प्रेमाबद्दलची सगळी भीती आहे. पण आंद्रेला तिथे कोणी अडवत नाही. मधली काही गाणी पसरत जातात आणि शेजारी उभा राहून 'भाडं कोण भरणार?' असं विचारणारा कोणी नाही. 'रोझेस'मध्ये बिग बॉय थोडा वेळ येतो आणि अल्बम ताठ होऊन बसतो. ते एक गाणं मावसभावाबरोबर ऐक.

प्रश्न : पहिला अल्बम (तो लांबलचक नावाचा) ऐकायलाच हवा का? जुना वाटतो.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : हवाच. 'सदर्नप्लेयालिस्टिकॅडिलॅकम्युझिक', १९९४. दोघं तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे. हे काम उभं राहिलं लेकवूडमध्ये, निर्माता रिको वेड याच्या आईच्या घराखालच्या तळघरात. त्याला 'डंजन' म्हणत. जमीन मातीची, जॉर्जियाची ती लाल माती, आणि जिन्याच्या पायऱ्यांवर वह्या घेऊन बसलेली पोरं. ऑर्गनाइज्ड नॉइझ या निर्मात्यांच्या तिकडीने खरे बास गिटार आणि कीबोर्ड वाजवून घेतले, म्हणून तो आवाज अजून उबदार लागतो.

आणि १९९५ च्या ऑगस्टमधला 'सोर्स' या रॅप मासिकाच्या पुरस्कारांचा कार्यक्रम लक्षात ठेवा. जागा न्यूयॉर्क, सभागृहात अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या रॅपवाल्यांची खुन्नस. नव्या गटाचा पुरस्कार अटलांटाच्या या दोघांना जाहीर झाला आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. आंद्रे माइकपाशी जाऊन एवढंच म्हणाला की दक्षिणेकडेही काही सांगण्यासारखं आहे. मी त्या महिन्यात अटलांटात नवीन होते, मला यातलं काही कळत नव्हतं, पण मैत्रिणीच्या घरी हे वाक्य वर्षभर ऐकलं. तिची आई, चर्चला जाणारी बाई, रॅपचा एक शब्द न आवडणारी, तीसुद्धा ते अभिमानाने म्हणायची.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. माझा चौदा वर्षांचा मुलगा तुमचं सदर वाचून आउटकास्ट ऐकू लागला. त्यातल्या शिव्या मी ऐकल्या. तुम्ही हे मुलांना कसं सुचवता?
— एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे. शिव्या आहेत, आणि मला त्याहून जास्त खुपते ती काही गाण्यांतली बायकांबद्दलची भाषा. विशेषतः सुरुवातीच्या अल्बममध्ये. तिचं समर्थन मी करणार नाही आणि चौदा वर्षांच्या मुलाने ती एकट्याने हेडफोन लावून ऐकावी असंही मला वाटत नाही.

मी काय केलं ते सांगते. माझ्या मुलीला पंधराव्या वर्षी मी 'स्टँकोनिया'मधलं (२०००) 'मिस जॅक्सन' ऐकवलं, शेजारी बसून. हे गाणं २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आंद्रे आणि गायिका एरिका बाडू यांना एक मुलगा आहे. ते दोघं वेगळे झाले, आणि हे गाणं आंद्रेने बाडूच्या आईला, म्हणजे आपल्या मुलाच्या आजीला उद्देशून केलं. तुमच्या लेकीला रडवलं, माफ करा. प्रेम कायमचं राहावं असंच मनात होतं, सहल आखता येते पण त्या दिवशीचं हवामान आखता येत नाही. पण गाण्याचं पहिलं कडवं बिग बॉयचं आहे आणि त्यातला बाप चिडलेला आहे. नातवंड म्हणजे दरमहा येणारा चेक नव्हे, शाळेची, पाळणाघराची, दवाखान्याची बिलं मी भरतो, असं तो आजीला सुनावतो.

माझ्या मुलीने विचारलं, "आई, यातलं खरं कोण बोलतंय?" त्यावर आम्ही दोन तास बोलत बसलो. आमच्या ओळखीतल्या एका मोडलेल्या संसाराबद्दलही बोललो, ज्याबद्दल तोवर घरात अवाक्षर निघत नव्हतं. तुम्ही मुलाबरोबर एवढं एक गाणं ऐका. तो काय विचारतो ते मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

प्रश्न : आंद्रे रॅप सोडून बासरीकडे का वळला?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा 'न्यू ब्लू सन' हा अल्बम आला. त्यात रॅपचा एकही शब्द नाही, फुंकवाद्यं आहेत आणि पहिलंच वादन बारा मिनिटांचं आहे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रॅपमध्ये सांगण्यासारखं सापडत नाही, अशा अर्थाचं तो तेव्हा बोलला होता. मला त्याचा राग येत नाही. नसेल सांगायचं तर गप्प बसून फुंकावं. बिग बॉय मात्र त्यानंतरही रॅप करतो आहे, हेही याच वाक्यात लिहून ठेवते.

प्रश्न : ताई, मी आणि माझा दोस्त मराठीत रॅप करतो. यंत्रमागाच्या गल्लीत राहतो, रेकॉर्डिंग माझ्या घरी रात्री माग बंद झाल्यावर. दोस्ताचा आवाज जबरदस्त आहे, शब्द एकदम हवेतले, कविता टाइप. कार्यक्रमात सगळे त्याच्याभोवती. मला म्हणतात, 'तू पण बरा करतोस.' मी सोडून द्यावं का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सोडू नकोस. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि हे सगळं सदर खरं तर तुझ्यासाठीच लिहिते आहे.

'अक्वेमिनाय'मध्ये 'द आर्ट ऑफ स्टोरीटेलिन'' आहे, त्याचा पहिला भाग ऐक. लोकांना त्यातलं आंद्रेचं कडवं आठवतं. लहान असताना तो एका मुलीबरोबर तारे बघत पडलेला असतो, मोठी झाल्यावर कोण होणार असं विचारतो आणि ती म्हणते, जिवंत. पुढे ती सापडते तेव्हा दंडात सुई असते आणि पोटात मूल. हे कोण विसरेल? पण त्याच्या आधी बिग बॉय एका दुसऱ्या मुलीची गोष्ट सांगून गेलेला असतो. ती साधी, चावट, घाईची भेट आहे, दोघं भेटतात आणि आपापल्या वाटेने जातात. त्याचा फ्लो बघ : शब्द किती दाटीने बसवलेत, श्वास कुठे घेतो ते सापडत नाही आणि एकही अक्षर गिळत नाही. बिग बॉयच्या गोष्टीतल्या मुलीला आपण सहज विसरतो. मग आंद्रेची मुलगी मरते, आणि पहिलीला आपण किती सहज जाऊ दिलं ते लक्षात येऊन पोटात कालवतं. दोन्ही कडवी सारखी जड असती तर तसं झालं नसतं. दोस्तासारखं हवेतलं लिहायला गेलास तर तुमच्या गाण्यात दोन दोस्त होतील आणि तू नसशील.

तुझ्या पत्रात 'रात्री माग बंद झाल्यावर' हे चार शब्द आहेत. ते त्याला सुचले नाहीत, तुला सुचले. सुताचा भाव, बिलाची तारीख, कांडीवाल्या बाईचा खोकला, पाळी बदलताना गल्लीत येणारा आवाज, जे तुला माहीत आहे ते मोजून लिही. तो ताऱ्यांबद्दल बोलत असेल तर बोलू दे. एकच विषय घ्या, दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून लिहा, एकमेकांना न दाखवता, आणि थेट रेकॉर्डिंगच्या वेळी ऐका.

गाणं झालं की मासिकाच्या पत्त्यावर शब्द लिहून पाठवा. कुठलं कडवं कोणाचं ते लिहू नकोस. मी वाचून ओळखते.