'रिलेटेबल' मीमला मराठीत काय म्हणावं?

'हे मीम फार रिलेटेबल आहे' हे मराठीत कसं म्हणायचं आणि त्यासाठी 'तादात्म्य' चालेल का, असा प्रश्न आहे.

'तादात्म्य' मला इथे पटत नाही. तादात्म्यात माणूस समोरच्यात विरघळतो. मीम बघताना तसं झालं तर हसू येणारच नाही. के. सी. ग्रीन या अमेरिकी चित्रकथाकाराचं २०१३ सालचं चित्र बहुतेकांच्या पाहण्यात असेल : खोलीला आग लागली आहे, टोपी घातलेला कुत्रा कॉफीचा कप पुढ्यात ठेवून बसलाय आणि म्हणतोय, 'सगळं ठीक आहे.' मूळ चित्रकथा सहा चौकटींची आहे आणि तिच्यात शेवटी तो कुत्रा आगीत वितळतो. मीम म्हणून जगभर फिरल्या त्या पहिल्या दोनच चौकटी. परीक्षेच्या आदल्या रात्री कोरं पुस्तक उघडणारा विद्यार्थी असो की मार्चअखेरीचा हिशेब जुळवणारा कारकून, त्या कुत्र्यात प्रत्येकाला स्वतःचं सोंग दिसतं. होरपळ मात्र चौकटीबाहेर राहते.

या अवस्थेला मराठीत फार सुंदर नाव आहे. १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक पात्राशी एकरूप होतो, तरी आपण वेगळे आहोत हे भान सुटत नाही; या दुहेरी अनुभवातून आनंद मिळतो. मीमला हे किती चपखल लागू पडतं!

अर्थात रोजच्या बोलण्यात 'सविकल्प' कुणी म्हणणार नाही. तिथे आपली क्रियापदं आहेत. 'पटलं' म्हटलं की बुद्धीने होकार दिला. 'भिडलं'मध्ये काळीज येतं, पण हसू निघून जातं. दोन्ही एकत्र हवं असेल तर 'अगदी माझंच!' हा उद्गार सर्वांत नेमका. लेखात 'आपलीच गोष्ट वाटणारं मीम' असं खुशाल लिहावं.

तरुण मुलं 'मला रिलेट झालं' म्हणतात, त्याला नाक मुरडू नये. इंग्रजीत कर्ता 'मी' असतो. इथे 'मला आवडलं', 'मला पटलं' या साच्यात तो शब्द आपोआप बसवला गेलाय. शब्द परका असला तरी वाक्य पूर्ण मराठी आहे. 'मी रिलेट केलं' मात्र टाळावं, कारण ही गोष्ट आपण करत नाही, आपल्याला होते.